हजेरी लागते, व्यायाम होतो का?

सक्तीचा व्यायाम आला की ‘प्रॉक्सी’ आलीच, हे शिक्षकांना सांगायला नको. मित्राची हजेरी लावणे, खोटा वैद्यकीय दाखला आणणे, नोंदवही शेवटच्या रात्री भरून काढणे, हे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. मग ही मुले मुळातच लबाड असतात का? आम्हाला तसे वाटत नाही. आपण नेमके काय मोजतो, हे आधी पाहू.

सक्ती आपल्याकडे नवी नाही. चीनबरोबरच्या युद्धानंतर १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची झाली, १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली.

आता वहीऐवजी मोबाईलवरील पावलांचा आकडा दाखवता येतो. मोबाईलमध्ये त्वरणमापक असतो. चालताना शरीर तालात खालीवर होते, त्या नियमित चढउतारांवरून पावले मोजली जातात. पण बसल्याजागी मोबाईल तालात हलवला तरी तसेच चढउतार मिळतात! आकडा वाढतो, हृदय, फुप्फुसे आणि स्नायू मात्र होते तिथेच राहतात.

बक्षिसाचेही असेच आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ साली चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. बक्षीस आधी कबूल करून ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. कामाची गोडी बक्षिसाकडे वळली होती.

याउलट सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा पाहा. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात. ते पेलायला ताकद आणि तोल दोन्ही लागतात. त्यासाठी तरुण आधीपासून सराव करतात. गुण नाहीत, हजेरीपट नाही. खांद्याला खांदा लावून उभे असलेले सोबती आहेत आणि काम आपले वाटते. तिथे दुसऱ्याच्या नावाने सराव करून काय मिळणार?

वर्गात काय करता येईल? खेळ, योगासने, धावणे यांतून निवड करू द्यावी. आजारी विद्यार्थ्याला मोकळेपणाने सूट द्यावी. धावण्यापूर्वी, धावल्यावर लगेच आणि दोन मिनिटांनी प्रत्येकाने १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणावे व आलेख काढावा. काही आठवड्यांच्या नियमित सरावानंतर नाडी लवकर पूर्ववत होऊ लागते. हा बदल विद्यार्थ्याला स्वतःच्या वहीत दिसतो. मात्र या आकड्यांना गुण ठेवू नयेत. ठेवले, तर तेही शेवटच्या रात्री भरले जातील.