पैसे परत कधी लागणार?

शेअर बाजाराचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘कुठला शेअर घेऊ?’’ मी उलट विचारतो, ‘‘पैसे परत कधी लागणार?’’ हा प्रश्न मी एकदा स्वतःला विचारला नव्हता. आधी तेच सांगतो.

जानेवारी २००८मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, २१ हजारांपुढे गेला. लोकलमध्ये, कचेरीत, लग्नाच्या पंगतीत तोच विषय. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून मी दोन लाख रुपये सेन्सेक्सवर आधारित म्युच्युअल फंडात घातले. फेब्रुवारी २००९मध्ये फी भरायची वेळ आली, तेव्हा निर्देशांक नऊ हजारांच्या आसपास होता. हातात नव्वद हजारही आले नाहीत. बाकीच्यासाठी पतपेढीचं कर्ज काढलं. माझ्या एका सहकाऱ्यानेही त्याच फंडात, त्याच महिन्यात पैसे घातले होते. त्याला गरज नव्हती, तो थांबला. २०१०च्या दिवाळीत निर्देशांक पुन्हा २१ हजारांवर आला आणि त्याचं मुद्दल भरून निघालं. फंड एकच, फरक मुदतीचा.

असं का होतं? शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीतला लहानसा वाटा. आज-उद्याचा भाव लोकांच्या आशेवर आणि भीतीवर हलतो. पंधरा-वीस वर्षांत मात्र कंपनीने खरोखर किती कमावलं, हेच भावात उतरतं. सेन्सेक्सचं आधारवर्ष १९७८-७९. तेव्हाचा आकडा १०० धरलेला. जुलै २०२४मध्ये तो ८० हजारांवर गेला. लाभांश न धरता ही वाढ वर्षाला साधारण १६ टक्के चक्रवाढीची झाली. यापुढेही तीच राहील, अशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

ही वाढ तीस कंपन्यांच्या गटाची आहे, एका कंपनीची नव्हे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या हिशेबातला घोटाळा उघड झाला आणि एका दिवसात तिचा शेअर तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला. सेन्सेक्समधून ती लगेच वगळली गेली. ज्यांची सगळी पुंजी त्या एका शेअरमध्ये होती, त्यांना अशी सोय नव्हती. म्हणून नवख्याने निर्देशांकावर आधारित, कमी खर्चाच्या फंडापासून सुरुवात करावी.

‘थांबलं की मिळतंच’ हेही खरं नाही. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९मध्ये ३८,९१५वर होता. ती उंची पुन्हा गाठायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. चौतीस वर्षं! शिखरावर एकरकमी पैसे घालणाऱ्याचं आयुष्य त्यात सरलं. यावर साधा उपाय म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता. बाजार पडला, की त्याच हजार रुपयांत जास्त युनिट मिळतात आणि सरासरी खरेदीभाव खाली येतो. तोटा होणारच नाही असं नाही. पण सगळा पैसा एकाच चुकीच्या दिवशी अडकत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत. मग आयुर्विमा आणि आरोग्यविमा. पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे, मग ते फीचे असोत, लग्नाचे असोत की घराचे, बाजारापासून दूर. उरेल त्यातूनच हप्ता सुरू करा आणि गरजेचं वर्ष जवळ आलं, की पैसे हळूहळू ठेवीत वळवा.

माझ्या मुलीचं शिक्षण पुरं झालं, कर्जही फिटलं. तिने पहिल्या पगारातून हप्ता सुरू केला, तेव्हा मी तिला फंडाचं नाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘पैसे परत कधी लागणार?’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)