पावलांचे मोल

व्यायामाची मोठी अडचण अशी की, त्याचे कष्ट आज भोगावे लागतात आणि फळ काही वर्षांनी मिळते. शिवाय ते फळ पुष्कळदा न आलेल्या दुखण्याच्या रूपाने मिळत असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही. हातातील मोबाइल आणि मनगटावरील घड्याळ यांनी नेमके या अडचणीवर बोट ठेवले आहे. चालून आलेल्या माणसाच्या पदरात ती तत्काळ काहीतरी टाकतात: गुण, बिल्ला, वरची पायरी, किंवा ‘सलग चाळीस दिवस’ अशी शाबासकी. यांपैकी कशानेही पोट भरत नाही. तरीसुद्धा तीनशे पावले कमी पडली म्हणून रात्री दिवाणखान्यात येरझारा घालणारी शहाणीसुरती माणसे शहरोशहरी आढळतात.

आकड्याची ही मोहिनी नवी नव्हे. सूर्यनमस्कार घालणाराही संख्या मोजतोच. टोकिओ येथे १९६४ साली ऑलिंपिक सामने झाले आणि दुसऱ्याच वर्षी जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. ‘मान्पो-केइ’ हे त्याचे नाव. अर्थ, दहा हजार पावलांचे मापक. आज वैद्याच्या आज्ञेसारखा पाळला जाणारा दहा हजारांचा आकडा मुख्यतः या नावामुळे रूढ झाला. पुढे २०१९ साली अमेरिकेतील १६,७४१ वयस्क स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत मृत्यूचे प्रमाण दिवसाला सुमारे साडेसात हजार पावलांपर्यंत घटत गेले आणि त्यापुढे जवळजवळ स्थिर राहिले. म्हणजे खेळाची अंतिम रेषाच मुळात विक्रेत्याने आखलेली होती!

परंतु रेषा कोणी आखली यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. खेळ संपल्यावर माणूस चालत राहतो काय? २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ या खेळाने जगभरची तरुण मंडळी रस्त्यावर आणली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांची दररोजची पावले सरासरी ९५५ ने वाढलेली आढळली. सहाव्या आठवड्यापर्यंत ही वाढ नाहीशी झाली.

याहून विचारपूर्वक केलेला प्रयोग अमेरिकेत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन प्रमाणाबाहेर असलेल्या ६०२ प्रौढांनी त्यात भाग घेतला. खेळणाऱ्याच्या खात्यावर आठवड्याच्या आरंभीच ७० गुण जमा होत आणि ज्या दिवशी ठरविलेली पावले पुरी होत नसत, त्या दिवशी १० गुण वजा होत. आठवड्याअखेर ४० गुण उरले तर वरची पायरी, नाही तर खालची. मिळविण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख मनाला अधिक बोचते, हे कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेले तत्त्व येथे कामास लावलेले होते. काहींना आप्ताचे पाठबळ दिले, काहींना तिघांच्या संघात बांधले, तर काहींना तिघांच्या गटात परस्परांशी स्पर्धा करावयास लावले. चोवीस आठवडे तिन्ही प्रकारांनी पावले वाढविली. स्पर्धकांची वाढ सर्वांत अधिक, केवळ मोजदाद करणाऱ्यांच्या तुलनेत दिवसाला ९२० पावलांची होती. खेळ थांबल्यानंतरच्या बारा आठवड्यांत मात्र स्पर्धकांचीच वाढ निश्चितपणे टिकली, आणि तीही ५६९ पर्यंत उतरली. सहकार्याचे गोडवे गाणाऱ्यांना हे थोडे कडू वाटेल.

बक्षिसाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. १९७३ साली लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालकांपैकी काहींना प्रशस्तिपत्रकाचे आमिष दाखविले. पुढे मोकळ्या वेळेत ही मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. न सांगता बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत राहिली. ज्याला पहाटेचे फिरणे मनापासून प्रिय आहे, त्याच्या हाती गुणांची वही देण्यात धोका आहे तो हाच. खुर्ची न सोडणाऱ्याची गोष्ट निराळी, कारण त्याच्यापाशी गमावण्यासारखी आवडच नसते. निव्वळ आकड्यासाठी खेळणारा तर चालण्याचीही तसदी घेत नाही. मोबाइल झुलवून पावले वाढविणारी उपकरणे चीनमध्ये राजरोस विकली गेली.

राज्यकर्त्यांच्या दृष्टीने कॅनडाचे उदाहरण विशेष बोधक आहे. तेथे २०१६ मध्ये ‘कॅरट रिवॉर्ड्स’ ही योजना सरकारी साहाय्याने सुरू झाली. चालणाऱ्यास दुकाने, चित्रपट किंवा विमानप्रवास यांत वटविता येतील असे गुण मिळत. एकेका दिवसाचे गुण काही पैशांच्याच मोलाचे. पण लाभार्थी दहा लाखांवर गेले. अशा योजनेत प्रत्येक नवा चालणारा म्हणजे नवा खर्च. २०१९ च्या जून महिन्यात पैशाअभावी ती बंद पडली. अमेरिकेतील त्या ६०२ जणांच्या खेळात गुण वजा झाले म्हणून कोणाचाही पैसा जात नव्हता, आणि तरीही ते गुण राखण्यासाठी माणसे चालत होती.