गेम बनवायचा तर कार्ड किती भारी हवे?

"अब्बा, मला गेम बनवायचा आहे, भारी ग्राफिक्स कार्ड घेऊन द्या," असे मुलाने म्हणावे आणि बापाने गल्ल्याकडे पाहावे, हे प्रसंग आता आमच्या वाचकांच्याही घरी घडत असतील. कार्ड स्वस्त नसते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी ते नेमके काय करते आणि त्याची गरज कोणाला असते, हे आपण पाहू.

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. जुन्या ६४० बाय ४८० च्या पडद्यावर ३ लाख ७ हजार २०० ठिपके असत. ते सेकंदाला ३० वेळा रंगवायचे तर ९२ लाखांवर काम जाते. आजच्या १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सेकंदाला ६० वेळा हेच करायचे तर आकडा १२ कोटी ४४ लाखांवर पोहोचतो. पूर्वी हौशी लोकांच्या गेममध्ये हे सारे मुख्य प्रोसेसर एकटा करी. म्हणजे हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींनीच पोतीही उचलावीत, तसा प्रकार. ग्राफिक्स कार्डात छोटे छोटे अनेक कारागीर एकाच वेळी राबतात. चित्र फिरवणे, लहानमोठे करणे, अर्धपारदर्शक दाखवणे ही त्यांची रोजची कामे. मुनीमजी हिशेबाला मोकळे राहतात.

प्राध्यापकांचे सॉफ्टवेअर

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ साली 'अ‍ॅनिमो' नावाचे सॉफ्टवेअर काढले. पुढे ते 'गेम मेकर' म्हणून प्रसिद्ध झाले. प्रोग्रामिंगचे शिक्षण नसलेल्यालाही त्यात खेळ जुळवता येई. २००४ च्या सहाव्या आवृत्तीत चित्रे काढण्याचे काम डायरेक्ट थ्री-डी मार्फत ग्राफिक्स कार्डाकडे गेले. बनवणाऱ्यांचा फायदा झाला. पण ज्या गिऱ्हाइकाच्या संगणकात योग्य कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर नव्हता, त्याच्याकडे असा गेम धड चालेना. हत्यार सुधारले की बाजारही थोडा बदलतो, हे कारागिरांना सांगायला नको.

कसब कुठे आहे

नुसते कार्ड असून भागत नाही. चित्रे आधी कार्डाच्या मेमरीत चढवावी लागतात. २०४८ बाय २०४८ ठिपक्यांचा एक ताव तिथे उलगडला की सुमारे १६ एमबी जागा घेतो, मग डिस्कवर त्याची फाइल कितीही लहान दिसो. शिवाय एका तावावरून दुसऱ्यावर जाताना काम तुटते. भरतकाम करणारा दर टाक्याला दोरा बदलत बसत नाही. लाल काम आधी उरकतो, मग हिरवे घेतो. तसेच एका दृश्यात लागणारी चित्रे एकाच तावावर ठेवावीत. हे ज्याला जमले त्याचा गेम साध्या संगणकावरही सुरळीत चालतो. ज्याला जमले नाही, त्याचा भारी कार्डावरही अडखळू शकतो.

अमेरिकेतील टोबी फॉक्स या तरुणाचे उदाहरण घ्या. त्याने २०१३ साली लोकांकडून वर्गणी मागितली. मागणी ५ हजार डॉलरची होती, जमले ५१ हजारांवर. गेम मेकरवरच, बहुतांशी एकट्याने बनवलेला त्याचा 'अंडरटेल' २०१५ मध्ये आला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्यातली चित्रे अगदी साधी, जुन्या धाटणीची आहेत. लोकांनी पैसे मोजले ते गोष्टीसाठी, संगीतासाठी आणि कल्पकतेसाठी.

भांडवल कुठे घालावे

तेव्हा आमचा सल्ला सरळ आहे. सपाट, म्हणजे द्विमितीय गेमसाठी वेगळे कार्ड घेण्याची घाई करू नये. अलीकडच्या बहुतेक संगणकांत प्रोसेसरसोबत येणारी ग्राफिक्सची सोय पुरते. खऱ्यासारख्या छाया-प्रकाशाचे त्रिमितीय काम करायचे असेल, तेव्हाच मोठ्या कार्डाचा विचार करावा. हत्यारांचा खर्चही मोठा नाही. गेम मेकर २०२३ पासून शिकण्यासाठी, म्हणजे विक्री करायची नसेल तर, मोफत आहे. 'गोडो' हे सॉफ्टवेअर तर विक्रीसाठीही मोफत असून त्याच्या चौथ्या आवृत्तीत जुन्या यंत्रांसाठी चित्रणाची वेगळी पद्धत ठेवली आहे.

आणि माल बाजारात नेण्यापूर्वी एक परीक्षा जरूर घ्यावी. ओळखीच्यांपैकी ज्याचा संगणक सर्वांत जुना असेल, त्याच्याकडे गेम चालवून पाहावा. आपल्या यंत्रावर गेम किती झोकात चालतो, याला बाजारात किंमत नाही. गिऱ्हाइकाच्या यंत्रावर तो उघडला पाहिजे, तरच चार पैसे गल्ल्यात येतील. मुलाला कार्ड घेऊन देण्याआधी त्याच्याकडून एक छोटा, पण पूर्ण गेम मागा. तो त्याने करून दाखवला, तर पुढचा खर्च वाया जाणार नाही.