मोटारहोडीचा गिअर

मोटार हांकतां येणाऱ्या गृहस्थास मोटारहोडी चालविणें म्हणजे पोरखेळ वाटतो. मलाही तसेंच वाटत असे. परंतु गेल्या वैशाखांत, मालवणजवळ देवबाग येथें, कर्ली नदीच्या पाण्यावर एका अनुभवी तांडेलापाशीं धडे घेतांना माझा हा भ्रम पार मावळला.

होडीच्या गिअरच्या अवस्था तीनच: पुढें, मागें आणि मधली मोकळी, म्हणजे न्यूट्रल. मात्र होडीस ब्रेक नाहीं! ओले एव्हिनरूड यानें अमेरिकेंत १९०९ सालीं विक्रीस आणलेल्या यंत्रास तर गिअरही नव्हता. यंत्र सुरू झालें कीं पंखा फिरे आणि होडी निघे. आज होडीच्या पिछाडीस लावावयाच्या बहुतेक यंत्रांत पंखा यंत्रापासून अलग करतां येतो.

त्याची रचना अशी. पाण्याखालील पेटींत दोन दंतचक्रें परस्परविरुद्ध दिशांनीं अखंड फिरत असतात. पंख्याच्या आंसावरील दांतेरी कडें एका चक्रांत अडकलें कीं होडी पुढें जाते, दुसऱ्यांत अडकलें कीं मागें, आणि दोहोंच्या मध्यें राहिलें कीं पंखा मोकळा. गिअरचा दांडा भीतभीत सरकविणें हा नवशिक्याचा नेहमींचा दोष होय. त्यामुळें दांते एकमेकांवर आपटतात, त्यांच्या कडा झिजतात, आणि पुढें गिअर आपोआप सुटूं लागतो. म्हणून प्रथम यंत्राचा वेग अगदीं कमी करावा, आणि मग दांडा एकाच निश्चयी हालचालीनें सरकवावा. पुढून मागें जातांना मध्यें थांबून होडीचा वेग ओसरूं द्यावा. भरवेगांत एकदम मागचा गिअर घातल्यास यंत्र मोडण्याची भीति असते, शिवाय होडीनेंच उठविलेली लाट पिछाडीवरून आंत शिरते.

तिसऱ्या दिवशीं माझा दहा वर्षांचा पुतण्या पोहत होडीकडे येत होता. मीं दांडा मध्यें आणला व निश्चिंत झालों. तोंच तांडेल ओरडला, "आधी मशीन बंद करा! पोर पाण्यात आसा!" मीं यंत्र थांबविलें आणि मुलास वर घेण्यासाठीं वळलों, तों कोपर लागून तोच दांडा खट्कन् पुढें सरकला. यंत्र चालू असतें तर? मुलाचे पाय पंख्यापासून हातभर अंतरावर होते. दांडा मध्यें असतांही, आंतील तेलाच्या ओढीनें पंखा कधींकधीं सावकाश फिरत राहतो, हें तांडेलानें मागाहून सांगितलें. जवळपास कोणीही पाण्यांत असेल, तर यंत्र बंदच हवें.

यंत्र सुरू करण्यापूर्वीं दांडा मध्यें आहे ना, हें पाहावें. यंत्र थांबविणाऱ्या कळीची दोरी चालविणाऱ्यानें स्वतःच्या अंगास अडकवावी, म्हणजे तो पाण्यांत पडल्यास कळ निसटून यंत्र आपोआप थांबतें.

ही हकीकत मीं वहिनींस अद्याप सांगितलेली नाहीं. या पानावरूनच ती त्यांस कळेल. त्यांचा राग मी मुकाट्यानें सोसीन. परंतु सुटींत मुलाबाळांसह होडींत बसून सुकाणूं हातीं घेऊं पाहणाऱ्या गृहस्थांस ती ठाऊक असावी, म्हणून लिहिली.