यजमान कोण, प्रवास कोणाचा?

सिरोंच्याचा गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगण लागतं, आणि वरंगलचं काकतीय विद्यापीठ तिथून गडचिरोलीपेक्षा जवळ पडतं. तरी विभागीय आंतरविद्यापीठ बास्केटबॉल स्पर्धेत गोंडवाना विद्यापीठाची गाठ वरंगलशी पडत नाही. भारतीय विद्यापीठ संघाने देशाचे चार विभाग पाडले आहेत. त्यात तेलंगण दक्षिणेत, छत्तीसगड पूर्वेत आणि महाराष्ट्र गुजरात-राजस्थानसोबत पश्चिमेत. २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालेलं, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोनच जिल्ह्यांचं हे विद्यापीठ त्यामुळे पश्चिम विभागाच्या पूर्वेकडच्या सीमेवर आलं. यजमान विद्यापीठ असेल तिथे सगळ्यांनी जायचं. सामने आधी बाद पद्धतीने, मग उरलेल्या चौघांची साखळी. म्हणजे पहिलाच सामना हरलेला संघ चाळीस मिनिटं खेळून परतीची गाडी धरतो.

विभागांच्या रेषा बदला, असं कोणी म्हणेल. पण रेषा कुठेही ओढली तरी कोणीतरी टोकाला राहणारच. बदलायला हवी ती स्पर्धेची जागा. अमेरिकेतल्या पुरुषांच्या महाविद्यालयीन स्पर्धेत ६८ संघ असतात. पहिल्या आठवड्याअखेरची आठ शहरं आधीच ठरलेली असतात आणि २००२ पासून चार-चार संघांचे गट शक्यतो जवळच्या शहरी पाठवले जातात, त्यातही वरच्या मानांकनाच्या संघांना आधी. शिवाय तिथे स्वतःच्या मैदानावर कोणालाच खेळता येत नाही. (महिलांच्या स्पर्धेत मात्र पहिले सोळा संघ सुरुवातीचे सामने सरळ घरीच खेळतात, तिथेही तत्त्वं सोयीने वाकतात.)

असे सामने जवळ आणायचे तर चंद्रपूरला यजमानपद झेपेल का, ही शंका रास्त आहे. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे पोचते ती फक्त वडसा म्हणजे देसाईगंजला. पण बल्लारशाह दिल्ली-चेन्नई मार्गावरचं मोठं जंक्शन आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात झाल्या. धावपट्टी म्हणजे बास्केटबॉलची मैदानं नव्हेत, हे खरं. तरी देशभरच्या मुलांना उतरवून घेण्याचा, जेवू घालण्याचा अनुभव इथे जमा आहे. अख्खी स्पर्धा एका लहान विद्यापीठाच्या गळ्यात घालण्यापेक्षा बाद फेरीचे सामने दोन-तीन ठिकाणी वाटावेत आणि शेवटची साखळी तेवढी एका जागी खेळवावी. पंच आणि निरीक्षकांचे जादा संच लागतील, खर्च वाढेल. तो प्रवासात वाचलेल्या पैशातून सगळ्या विद्यापीठांनी मिळून उचलायला हरकत नाही.