बर्फाखालचा मासा, नकाशावरच्या रेषा

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात हिवाळ्याच्या आरंभी सरोवरे गोठू लागतात आणि बर्फावर बसून गळ टाकणाऱ्या हौशी मासेमारांचा हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात नाव वल्हवत जागा सहज बदलता येते. हिवाळ्यात मात्र प्रत्येक नव्या जागेसाठी गिरमिटाने बर्फात छिद्र पाडावे लागते. त्यातच राज्यातील मिल लॅक्स हे सरोवर सुमारे ५३५ चौरस किलोमीटर पसरलेले आहे. एवढ्या पांढऱ्या पटांगणावर छिद्र नेमके कोठे पाडायचे, या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते ते सरोवराच्या खोलीच्या नकाशातून. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने असे नकाशे संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत.

रेषांची भाषा

शालेय भूगोलातील समोच्च रेषा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा नकाशा परका वाटणार नाही. येथे रेषा सारख्या खोलीचे बिंदू जोडतात आणि त्यांवरील आकडे पृष्ठभागापासूनची खोली फुटांत सांगतात. रेषा दाटीने आल्या की तळ एकदम उतरतो. विरळ असल्या की तो सपाट असतो. बंद वर्तुळाच्या आत आकडा कमी होत गेला तर पाण्याखाली उंचवटा, वाढत गेला तर डोह समजावा. काठाकडून खोल पाण्यात घुसलेली रेषा म्हणजे डोंगराच्या सोंडेसारखी बुडालेली सोंड, तर दोन उंचवट्यांमधील खोलगट जागा म्हणजे खिंड.

मात्र दोन रेषांमध्ये पाच किंवा दहा फुटांचे अंतर असेल, तर त्यांच्या दरम्यानचा लहान खडक नकाशावर उमटत नाही. शिवाय जुने नकाशे दोरीला वजन बांधून ठिकठिकाणी घेतलेल्या मोजमापांवर बेतलेले असत. ध्वनिलहरींनी खोली मोजणाऱ्या सोनार यंत्रामुळे अलीकडच्या नकाशांत तपशील वाढला आहे.

मासा तेथेच का?

पाणी सुमारे ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. त्यामुळे गोठलेल्या सरोवरात बर्फालगतचे पाणी शून्याजवळ, तर तळाचे तुलनेने उबदार राहते. परंतु माशाची जागा केवळ तापमान ठरवत नाही. अन्न, प्रकाश आणि प्राणवायू हेही तितकेच महत्त्वाचे असतात.

येथील लोकप्रिय वॉलआय या माशाचे डोळे अंधूक प्रकाशात उत्तम काम करतात. दिवसा खोलात राहणारा हा मासा पहाटे आणि संध्याकाळी उतार चढून उथळ भागाच्या कडेला भक्ष्य शोधतो. म्हणूनच उथळ आणि खोल पाणी जवळजवळ आणणाऱ्या सोंडा व कडा आधी तपासल्या जातात. मिल लॅक्समध्ये तळातून वर आलेली चिखलाची सपाट पठारे आहेत. त्या चिखलात कीटकांच्या अळ्या, अळ्यांवर पर्च आणि पर्चवर वॉलआय अशी साखळी असल्याने या पठारांच्या कडा प्रसिद्ध आहेत. नॉर्दर्न पाइक हा शिकारी मासा मात्र पाणवनस्पती असलेल्या उथळ खाडीत सापडतो. क्रॅपी अनेकदा खोल डोहावर अधांतरी तरंगतो. तेथे नकाशा जागा सांगतो, पातळी सोनारच दाखवतो.

महिन्यागणिक हे वाचनही बदलते. बर्फावर हिमाचा थर साचला की सूर्यप्रकाश अडतो, वनस्पती कुजू लागतात आणि त्यात प्राणवायू खर्च होतो. मग आरंभी गजबजलेल्या उथळ खाड्या ओस पडतात. हिवाळा सरता वितळलेले पाणी आत येऊ लागले की मासे पुन्हा काठाकडे वळतात.

प्रत्यक्षात जाणकार नकाशावर दोन-तीन जागा हेरतात, जीपीएसच्या साहाय्याने तेथे पोहोचतात आणि उतारावर उथळाकडून खोलाकडे छिद्रांची रांग पाडून मासा कोणत्या खोलीवर आहे ते पडताळतात.

नकाशा जे सांगत नाही

खोलीचा नकाशा बर्फाच्या जाडीविषयी अवाक्षरही काढत नाही. ओढ्याचे मुख, बेटांमधील चिंचोळी वाट, तळातील झरे येथे पाणी वाहते राहते आणि बर्फ पातळ असतो. मासेमाराला खुणावणारी जागाच त्यामुळे घातक ठरू शकते. नव्या, पारदर्शक बर्फावर पायी चालण्यास किमान ४ इंच, तर लहान मोटारीसाठी ९ ते १० इंच जाडी हवी, असे राज्याचा विभाग सांगतो. पांढरट बर्फ असेल तर दुप्पट. तरीही कोणताही बर्फ पूर्णतः सुरक्षित नसतो, असे हाच विभाग बजावतो.

डिसेंबर २०२३ मध्ये याच राज्यातील अप्पर रेड सरोवरावर बर्फाचा प्रचंड तुकडा काठापासून सुटला आणि त्यावर अडकलेल्या शंभराहून अधिक जणांची सुटका करावी लागली. अप्पर रेड हे उथळ सरोवर आहे. नकाशावरील खोलीचे आकडे तेथे भय वाटावे असे नव्हते. म्हणूनच नकाशा घरी कितीही बारकाईने वाचला, तरी बर्फावर चालताना ठरावीक अंतरावर पहार मारून जाडी मोजणे चुकत नाही.