धोरणाचे शिक्षण कशासाठी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘योजना चांगली होती, पण गावापर्यंत पोचलीच नाही,’ हे वाक्य आपल्या कानांना इतके सरावाचे झाले आहे की त्यावर कोणी थांबून विचार करीत नाही. योजना का पोचली नाही, पोचली असती तर कोणाचे भले झाले असते आणि त्याच पैशात दुसरे काय करता आले असते, हे शोधण्याचे एक शास्त्र आहे. त्याला सार्वजनिक धोरणाचे विश्लेषण म्हणतात. पदवीनंतर या विषयाचे दोन वर्षांचे रीतसर शिक्षण घेता येते. औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावात बी.ए., बी.एस्सी. होऊन पुढे काय, असा प्रश्न पडलेल्या मुलामुलींना ही वाट माहीत असावी, एवढ्यासाठी आजचा हा विषय.

राज्यशास्त्र सत्ता कोणाकडे आहे हे पाहते. लोकप्रशासन कारभार कसा चालतो हे शिकवते. धोरणाचा अभ्यासक यापुढचा प्रश्न विचारतो. समोर दोन-तीन मार्ग असतील तर कोणता निवडावा, त्याचा फायदा कोणाला आणि भार कोणावर? त्यासाठी त्याला थोडे अर्थशास्त्र, थोडे संख्याशास्त्र, कायद्याची तोंडओळख आणि गावात बसून माणसांशी बोलण्याची सवय, अशी चारही अंगे लागतात.

याचे उत्तम उदाहरण शोधायला परदेशी जायला नको. रोजगार हमी योजना आपल्याच महाराष्ट्राची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळाने तिची गरज सर्वांना पटवली. कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. या योजनेची रचना पाहण्यासारखी आहे. गरीब कोण, हे ठरवायला कोणाच्या दाखल्याची गरज ठेवली नाही. उन्हात माती खणायला जो तयार होईल, त्याला काम. ज्याला गरज नाही, तो आपणहूनच त्या वाटेला जाणार नाही. पैशासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला आणि त्यात शासनाने आपली भर घातली. म्हणजे लाभ कोणाला आणि भार कोणावर, ही दोन्ही उत्तरे योजनेतच होती. पुढे २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला. २००६च्या फेब्रुवारीत पहिल्या टप्प्यात तो देशातील ज्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आपला हिंगोली जिल्हा होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १००वरून १२५ केले आहेत. मात्र खर्चाचा ४० टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांनी उचलायचा आहे आणि पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. सोयाबीनच्या काढणीला माणूस मिळत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. सरकारी काम बंद असले की पडेल त्या मजुरीवर जावे लागेल, ही मजूर बाईची भीतीही खरी आहे. विश्लेषक यातली एक बाजू धरून भाषण ठोकत नाही. त्या दिवसांत गावात दुसरे काम किती होते, मजुरी किती मिळाली, ऊसतोडीला किती कुटुंबे बाहेर पडली, राज्याने आपला वाटा वेळेवर दिला का, हे तो मोजतो. तरतूद नसती तर काय झाले असते, याचाही अंदाज बांधतो. तुलनेशिवाय काढलेला निष्कर्ष हा अंदाजपंचे कारभारच असतो.

मोजमापही जपून करावे लागते. प्रादेशिक असमतोल तपासण्यासाठी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९८४ साली आला आणि मराठवाडा-विदर्भाच्या अनुशेषाच्या चर्चेला प्रथमच आकड्यांचा आधार मिळाला. पण त्या वेळी हिंगोली हा जिल्हाच नव्हता. तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तोवर इथली उणीव परभणीच्या सरासरीत मिसळलेली होती. आजही सिद्धेश्वर धरण औंढा तालुक्यात आहे, म्हणून तालुक्यातील माळरानावरच्या प्रत्येक वाडीला पाणी मिळते असे नव्हे. सरासरी कोणत्या पातळीवर काढली, यावर कोणाचे दुःख दिसणार आणि कोणाचे झाकले जाणार, हे ठरते.

औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. विज्ञानाच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण तिच्यामुळे परिसरातील शाळा, रस्ते, पाणी आणि तरुणांचे रोजगार यांत काय बदल होतो, याची नोंद पहिल्या दिवसापासून कोणी ठेवायची? आजची स्थिती लिहून ठेवली नाही, तर दहा वर्षांनी तुलना कशाशी करणार? हे काम इथल्या मुलांनी करावे, असे मला वाटते.

शिकायचे कोठे? पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३०ची. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक, आणि दांडेकरही याच परंपरेतले. टाटा समाजविज्ञान संस्थेचे तुळजापूरला ग्रामीण केंद्र आहे, म्हणजे मराठवाड्यातच. मुंबईच्या आय.आय.टी.त आणि बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी मिळते. कोणत्याही शाखेचा पदवीधर या वाटेने जाऊ शकतो. प्रत्येक ठिकाणचे नियम मात्र नीट पाहावेत.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक, या पदवीने नोकरीची हमी मिळत नाही. संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, शासनाचे प्रकल्प, लोकप्रतिनिधींची कार्यालये इथे कामे असतात, पण बरीचशी ठरावीक मुदतीची. शुल्कही कमी नसते, तेव्हा शिष्यवृत्तीची चौकशी आधी करावी. दुसरी, शिक्षण बहुतेक इंग्रजीतून होते आणि मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पहिले सहा महिने जड जातात. पण गावच्या पाहणीत तोच पुढे असतो. हजेरीपटावर एक नाव आणि बांधावर दुसराच माणूस, हे त्याला चटकन दिसते, कारण त्या बांधावर तो लहानाचा मोठा झालेला असतो.

प्रवेशाची वाट न पाहताही सुरुवात करता येते. आपल्या गावातील एक योजना निवडा. ग्रामपंचायतीतून तिची कागदपत्रे मागा, नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज करा. यादीतील वीस घरांत जाऊन विचारा. कागद आणि घर यांतला फरक दोन पानांत लिहा आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवा.